स्वच्छ आहे, असं तू म्हणालास

दादा,

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात दूध करपलं. बाहेर भेटायला आलेली माणसं बसली होती, मी त्यांना पाणी देत होते. वास आला तशी मी आत धावले आणि गॅस बंद केला. वहिनी ओट्याला टेकून तिथेच बसली होती. रडून रडून तिचं नाक चोंदलेलं. पातेल्याकडे बघत ती म्हणाली, "माह्यंबी नाक आता त्यायच्यावानीच झालं. चार वर्षं झाले, त्यायले तं कायचाच वास येत नोता."

मी पातेलं सिंकमध्ये ठेवलं, त्यात पाणी सोडलं. मग विचारलं, कोणाला येत नव्हता?

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे. "तुमच्या दादाले. त्या आजारात गेला तो आलाच नाही. तुमाले माहीत असन ना, नंदाताई. तुमी तं सगळं लिवून ठेवता."

हो, मी सगळं लिहून ठेवते. मेडिकल स्टोअर चालवणाऱ्या बाईला ती सवय लागतेच. कोणतं औषध कधी आलं, कधी बाद होणार, कोणत्या कप्प्यात आहे. तुझं चांगलं बोलणारे लोक खूप आहेत, ते बोलत आहेत आणि बोलू देत. मला हे लिहायचं आहे. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी पुन्हा सांगणार आहे, कारण मला त्या आता एकाखाली एक लावून बघायच्या आहेत.

बारा वर्षांपूर्वी तू मुंबईच्या गोदीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालास आणि येताना ट्रकवर घालून ती जुनी शिडाची नाव घेऊन आलास. बावीस फूट लांब. डोलकाठी ट्रकच्या मागे कितीतरी बाहेर आलेली, तिच्या टोकाला लाल फडकं. चिखलीच्या बसस्टँडवर लोक हातातला चहा घेऊन बघायला आले. एकाने विचारलं, मामा, जहाज तं आनलं, समुद्र मांगून येऊन राह्यला काय? तू खिडकीतून म्हणालास, येऊन राह्यला, भरती लागली का पोचते.

समुद्राऐवजी धरणाचं पाणी होतं. टेकड्यांमधलं, वाऱ्याचा भरवसा नसलेलं. सकाळी शीड भरायचं आणि अकरा वाजता चादरीसारखं लोंबायचं. म्हणून परत येण्यासाठी नावेच्या पोटातलं पेट्रोल इंजिन चालू ठेवणं भाग होतं. ते इंजिन तुझ्या लग्नाच्या आधीचं. त्याचे भाग मिळत नव्हते. पाणी खेचणारं रबराचं चक्र आपण खामगावहून बनवून आणलं. कार्ब्युरेटरचं गॅस्केट मी पुठ्ठ्यावर छापा काढून कापलं. पेट्रोल पंपातला रबरी पडदा जुन्या जीपचा घेतला आणि कडेने कातरून बसवला. हल्लीचं पेट्रोल रबर खाते, तू म्हणायचास, वर्षाच्या वर पडद्यावर भरवसा ठेवू नको.

हे सगळं मला तू शिकवलंस, आणि ते मी नाकारणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या बहिणीच्या हातात पाना देणारा भाऊ आपल्या नात्यागोत्यात दुसरा नव्हता. मी दुकानातून रविवारी थकून यायचे, तू म्हणायचास, "बस नंदे, प्लग काढ, तुले बरं वाटन." आणि मला बरं वाटायचं. चार प्लग ओळीने काढून मांडले की कोणता काळा पडलाय, कोणता ओला आहे यावरून आत काय चाललंय ते तू मला वाचायला शिकवलंस. एक सिलिंडर मार खातंय, नीट पेटत नाही, हे मी आता डोळे मिटून सांगू शकते. हे दिलंस तू मला.

आणि पहिला नियमही तूच दिलास. पहिल्याच दिवशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून जाते, नावेत तिला जायला वाट नाही. ती तळाशी साचून बसते. तळ इंजिनाखाली, अंधारात; वरून काही दिसत नाही. मग कोणी किल्ली फिरवतो, स्टार्टरमध्ये ठिणगी पडते, आणि नाव राहत नाही. गोदीत तू अशी एक लाँच पाहिली होतीस. त्याबद्दल तू एकदाच बोललास, आणि तेव्हा जेवण अर्धं सोडून उठलास. म्हणून झाकण उघडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग गुडघ्यावर बसून डोकं आत घालायचं आणि तळ हुंगायचा. नाकाने होकार दिल्याशिवाय किल्लीला हात नाही.

मी त्याची यादी केली. चौदा मुद्दे, लॅमिनेट करून आतल्या फळीवर लावली, शिवाय एक वही. ऑइल, पट्टा, पाण्याची जाळी, पेट्रोलची चावी, बॅटरी. तू हसलास. म्हणालास, हे नाव आहे का दवाखाना? पण वर्ष-दोन वर्षांत तुझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि एकेक मुद्दा माझ्याकडे आला. शेवटी चौदापैकी तेरा कामं मी करत होते. एकच रकाना तुझा राहिला: तळाचा वास. तू डोकं आत घालायचास, एक मोठा श्वास घ्यायचास, वर येऊन म्हणायचास, "स्वच्छ आहे." मी खूण करायचे. त्या खुणेवर माझी माणसं नावेत चढायची.

चार वर्षांपूर्वी तू आजारी पडलास तेव्हा औषधं माझ्या दुकानातून गेली. वास गेलाय हे तू सांगितलंस, चव नाही म्हणून वरणावर चिडलास. नाव तीन महिने तशीच बांधून होती. मग एक दिवस तू दुकानात आलास आणि म्हणालास, परत आला. मी खात्री करायची म्हणून निलगिरीच्या तेलाची बाटली उघडून तुझ्या नाकाखाली धरली. तू म्हणालास, निलगिरी.

दादा, बाटलीला लेबल होतं. ते तुझ्याकडे तोंड करून होतं. रोज शंभर बाटल्या हाताळणाऱ्या बाईने ही चूक केली. फडक्यावर दोन थेंब टाकून विचारायला हवं होतं. पण मी तुझी परीक्षा घेत नव्हते रे, मी आनंदात होते. पुढच्या रविवारी आपण नाव काढली.

वहिनीचं बोलणं ऐकल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी धरणावर गेले. किसन जाळं सोडवत बसला होता. आपला किसन भोई, बारा वर्षं तिथे आहे, तू त्याला गमतीने मेहुणा म्हणायचास. मी त्याला सरळ विचारलं. त्याने आधी जाळ्यातून मान वर काढली नाही. मग म्हणाला, "ताई, दादाईनं शपथ घातली होती."

मग त्याने सांगितलं. तू तळ हुंगल्यासारखं करायचास तेव्हा हातात कोरडं फडकं असायचं. त्याने तळ पुसायचास. मग बिडीच्या निमित्ताने काठावर उतरायचास, किसनजवळ जायचास, आणि फडकं त्याच्या नाकाशी धरायचास. वास नसला की तो मान हलवायचा. तू परत येऊन मला सांगायचास, स्वच्छ आहे. चार वर्षं. मी नावेत उभी राहून ओरडायचे, दादा, बिडी नंतर ओढ, उन्हं चढतायत.

मी विचारलं, अजून कोणाला माहीत होतं. तो म्हणाला, इथं तं सगळ्याईलेच माहीत हाय. चहावाल्या मावशीलेबी. किसन गावाला गेला असेल तर फडकं मावशी हुंगायची. तिने एकदा तुला विचारलं होतं म्हणे, बहिणीले काऊन सांगत नाही. तर तू म्हणालास, "नंदीले सांगजो नको. ते नाव बंद करन."

आता तुझं-माझं ते भांडण मला नीट कळतं. दोन वर्षांपूर्वी मी म्हणाले, पेट्रोलची वाफ ओळखणारं यंत्र मिळतं, तळाशी बसवायचं, वाफ साचली की ते ओरडतं. मी मागवलंही. तू ते आठ दिवसांत परत पाठवायला लावलंस. "डब्ब्याचं नाक पायजे का तुले? माह्यं हाय ना." मी म्हणाले, तुझं नाक सत्तरीला आलंय. तू एवढा भडकलास की वहिनी बाहेर आली. मला वाटलं म्हातारपणाचा उल्लेख लागला. मी दोन दिवसांनी माफी मागितली. आठवतंय का? मी तुझी माफी मागितली, आणि तू ती घेतलीस. मोठ्या मनाने, पाठीवर हात ठेवून.

गेल्या महिन्यात मी तो विषय पुन्हा काढला. तू म्हणालास, दिवाळीनंतर बघू. तो शेवटचा मुद्दा तसाच राहिला. लोक म्हणतात, माणूस गेल्यावर अर्धवट भांडणाचं वाईट वाटतं. मला वाईट वाटत नाही. मला ते भांडण आता करायचं आहे, आणि तू नाहीस.

इथवर असतं तरी मी गिळलं असतं. किसनचं नाक चांगलं आहे, मावशीचंही. तू आंधळेपणाने किल्ली फिरवत नव्हतास, उसनं नाक घेऊन का होईना, नियम पाळत होतास. लाज वाटली असेल. जन्मभर मेकॅनिक म्हणून जगलेल्या माणसाकडे शेवटी एकच रकाना उरतो, आणि तोही जातो. बहिणीच्या वहीत तसं लिहिलं गेलेलं त्याला नको असतं. हे मला समजतं. मी किसनजवळून उठलेसुद्धा.

मग मला गेल्या थंडीतला तो रविवार आठवला, आणि मी परत बसले.

त्या दिवशी माझी लेक मयूरी जालन्याहून आली होती, तिची अडीच वर्षांची ओवी बरोबर. ओवीला पहिल्यांदाच नावेत नेणार होतो. मी यादी करत होते. चौथा मुद्दा, टाकीच्या नळीवरची पेट्रोलची चावी उघडणे. चावी उघडीच होती. टाकी पंपापेक्षा उंचावर आहे, म्हणून परतल्यावर चावी बंद करायची हा नियम. मी तुला विचारलं. तू म्हणालास, काल संध्याकाळी येऊन इंजिन जरा चालवून पाहिलं होतं, राहिली असेल. मी वहीत लिहिलं: चावी उघडी होती. तू डोकं आत घातलंस. वर आलास. काठाकडे पाहिलंस. मला वाटलं वारा बघतोयस. मग म्हणालास, स्वच्छ आहे.

इंजिन चालू झालं. दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर गेलो असू, मयूरी म्हणाली, "मामा, पेट्रोलचा वास येतोय हो."

तुझा हात इतक्या वेगाने किल्लीवर गेलेला मी कधी पाहिला नव्हता. इंजिन बंद. तू सगळ्यांना पुढच्या टोकाला जायला सांगितलंस, झाकण उघडलंस. पंपाचा पडदा फाटला होता. आपण दोघांनी तळ पुसला. तीन टॉवेल पिळले, पाच लिटरचा डबा अर्धा भरला. वारा नव्हता. आपण वल्ह्याने परत आलो. काठावर मी तुला शाल दिली. तू म्हणालास, "लिव. पडदा फाटला, इंजिन चालू असताना."

मी लिहिलं. दादा, मी लिहिलं! अडीच लिटर पेट्रोल दोन मिनिटांत गळत नाही. चावी रात्रभर उघडी होती हे त्याच पानावर, माझ्याच अक्षरात, चार ओळी वर होतं. मी दोन ओळी एकमेकींशी लावून पाहिल्या नाहीत, कारण मध्ये तुझं वाक्य होतं. रात्रभर झिरपलेल्या पेट्रोलवर आपण ठिणगी टाकली होती. ते का पेटलं नाही हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं.

मी किसनला तारीख सांगितली नाही, फक्त सांगितलं की माझी नात आली होती तो रविवार. त्याला लगेच आठवलं. "मी नोतो ताई. बीबी गावाले साळीच्या पोरीचं लगन होतं." आणि मावशी? त्याने नकारार्थी मान हलवली. थंडीत मावशी उशिरा यायची, दहानंतर. आपण साडेआठला निघालो होतो.

म्हणजे तू काठाकडे पाहिलंस तेव्हा वारा बघत नव्हतास. नाक शोधत होतास. आणि कोणी नव्हतं.

मी तिथे उभी होते, दादा. मयूरी तिथे होती. तीन पावलांवर. "नंदे, जरा तू हुंगून पाह्य" एवढं म्हणायचं होतं. कारण सांगायची गरज नव्हती. सर्दी आहे म्हटलं असतंस तरी मी डोकं आत घातलं असतं. शपथेवर सांगते, मी काही विचारलं नसतं. पण तू एवढंही बोलला नाहीस. आज मी हुंगलं तर उद्याही मीच हुंगेन, आणि मग तुझा रकाना जाईल, असं तुला वाटलं का? का आजचा दिवस चालून जाईल असं वाटलं? मला यातलं एक उत्तर हवं आहे. कोणतंही चालेल.

चार दिवस मी स्वतःला सांगत होते की तू मला खरं सांगितलं असतंस तर मी नाव आठ दिवस बंद ठेवली असती. ते यंत्र बसवलं असतं, दोन माणसांनी हुंगायचं असा नियम केला असता, आणि तू पुन्हा तुझ्या जागेवर बसला असतास. हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. खरं असं आहे की मी नाव कायमची बंद केली असती. तू मला बरोबर ओळखलं होतंस. मला जास्त लागतं ते हेच. ओळख नसल्यामुळे फसवणारी माणसं दुकानात रोज भेटतात. तू मला पुरतं ओळखून फसवलंस.

सातव्या दिवशी जलदानविधी झाला. भंतेजी आले होते, सगळं रीतसर झालं. तुझी राख नावेतून मधल्या पाण्यात न्यायची, अशी वहिनीची इच्छा होती. मी यादी घेऊन नावेवर गेले. झाकण उघडलं, दहा मिनिटं थांबले. किसनला आत डोकं घालायला लावलं, मग मी घातलं. दोघांनाही काही वास आला नाही. मी किल्ली हातात धरून उभी राहिले, आणि मला ती फिरवता आली नाही. किसनने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने आपला डोंगा सोडून आणला. वहिनी त्यात बसली, राखेचं मडकं मांडीवर. ती म्हणाली, "त्यायले हे आवडलं नसतं, नंदाताई." लोकांसमोर मी तुझ्याविरुद्ध कधी बोलले नाही, तेव्हाही बोलले नाही. डोंगा दूर गेला. तुझ्यासाठी रडू आलं ते तेव्हा, आणि ते खरं होतं. तू मला प्लग वाचायला शिकवलेस त्याचं होतं, बसस्टँडवरच्या भरतीचं होतं. पण ते रडणं वेगळं ठेवायला मी शिकते आहे. ते यात मिसळू देणार नाही.

मग प्रश्न राहिला मयूरीचा. ती तुझ्या अंत्ययात्रेत सगळ्यात जास्त रडली. ओवीला ती मामाच्या नावेच्या गोष्टी सांगते. तिला सांगितलं तर तिच्यासाठी तू दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं, तर काठावरच्या गप्प माणसांत मीही एक होणार. किसन, मावशी, वहिनी, आणि आता नंदा. माझ्या मुलीला नावेत बसवायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं होतं, आणि तो हक्क तू माझ्यासारखाच तिचाही काढून घेतलास. तो मी तिला निदान उशिरा तरी परत द्यायला हवा.

काल दुपारी मी तिला फोन केला. दुकानाचं शटर अर्धं ओढून, स्टुलावर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. दूध, निलगिरी, फडकं, बीबी गावचं लग्न. मला वाटलं ती रडेल, किंवा तुझी बाजू घेईल, किंवा मला म्हणेल की गेलेल्या माणसाचं हे काय काढलंस.

तिने एवढंच विचारलं, "आई, मामांनी किल्ली फिरवली तेव्हा ओवी कुठं बसली होती?"

मी तिला सांगितलं. इंजिनाच्या झाकणावर. तिथून पाणी चांगलं दिसतं म्हणून तूच तिला उचलून बसवलं होतंस.